यंत्रनगरीचा शिल्पकार : फ्रिट्झ लांग

श्रीहरिकोटाहून रॉकेट सुटायची वेळ झाली की आपण सगळे श्वास रोखून आकडे मोजायला लागतो. दहा, नऊ, आठ... आणि शून्य! १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ निघालं तेव्हाही सगळ्या देशाने असेच आकडे मोजले. पण मित्रमैत्रिणींनो, हे आकडे उलटेच का मोजायचे, असा प्रश्न कधी पडलाय? ज्यूल व्हर्नच्या १८६५ सालच्या कादंबरीत चंद्राकडे तोफगोळा सोडताना माणसं सुलट मोजतात आणि चाळीस झाले की बार उडवतात. उलटी मोजणी लोकांसमोर आली ती कुठल्या प्रक्षेपण तळावर नव्हे, तर १९२९ साली बर्लिनच्या एका थिएटरात, एका मूकपटात. दिग्दर्शकाचा हिशोब अगदी साधा होता. सुलट मोजलं तर रॉकेट कधी उडणार हे प्रेक्षकाला कळणार कसं? उलट मोजलं की शून्याला काय होणार हे सगळ्यांनाच ठाऊक असतं.

त्या दिग्दर्शकाचं नाव फ्रिट्झ लांग. आणि सांगायला आनंद वाटतो की गडी मुळात आमच्या सिव्हिलचा!

आपल्या होस्टेलवर सायन्स फिक्शनचं वेड काही कमी नाही. सबमिशन राहिलं तरी चालेल, पण 'मेट्रिक्स' भारी की 'ब्लेड रनर', 'इंटरस्टेलर'चा शेवट पटतो की नाही, यावर रात्री दोन वाजेपर्यंत वाद झालाच पाहिजे. या वादांत मीही हिरिरीने भाग घेते. पण गाण्याच्या मैफिलीत गवय्याचं घराणं विचारतात तसं या चित्रपटांचं घराणं कुणी विचारत नाही. मी ते शोधत शोधत मागे गेले, तर प्रत्येक वाट फिरून एकाच माणसाच्या दारात जाऊन थांबत होती. हा माणूस १९७६ सालीच गेला. त्याचं आयुष्य वाचताना मला त्याच्या चित्रपटांइतकंच अस्वस्थ व्हायला झालं. म्हणून हा लेखनप्रपंच.

फ्रिट्झ लांगचा जन्म ५ डिसेंबर १८९० रोजी व्हिएन्नात झाला. वडील आन्टोन लांग बांधकाम व्यवसायातले. आई पाऊला जन्माने ज्यू, पुढे कॅथलिक झालेली. (हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.) बापाचा धंदा बांधकामाचा म्हटल्यावर मुलाने काय शिकायचं हे ठरलेलंच होतं. आपल्याकडच्या कित्येक घरांसारखंच! त्याला व्हिएन्नाच्या तांत्रिक महाविद्यालयात घातलं. पण पोराचं मन ड्रॉइंग शीटवर कमी आणि चित्रांत जास्त. थोडेच दिवस कळ काढून त्याने कॉलेज सोडलं, देशोदेशी भटकला, पॅरिसमध्ये चित्रकला शिकला.

१९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं आणि तो व्हिएन्नाला परत येऊन सैन्यात भरती झाला. रशिया आणि रुमेनियाच्या आघाड्यांवर लढला, पुन्हा पुन्हा जखमी झाला, उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. पुढे जन्मभर तो एका डोळ्यावर मोनोकल लावून फिरला. इस्पितळात पडल्या पडल्या त्याने चित्रपटांच्या कथा लिहायला सुरुवात केली. युद्ध संपल्यावर बर्लिनला गेला आणि १९१९ साली स्वतः दिग्दर्शन करू लागला.

सिव्हिल सोडलं तरी सिव्हिल त्याला सोडत नव्हतं. त्याच्या चित्रपटात भिंती, जिने, कमानी, पूल हे नुसते मागे उभे नसतात, ते माणसांना दाबतात, अडवतात, वाट दाखवतात. एखाद्या प्लॅनसारखी त्याची प्रत्येक फ्रेम आखलेली. १९२२ साली त्याने थेआ फॉन हार्बू या लेखिकेशी लग्न केलं. ती लिहायची आणि तो दृश्यं उभी करायचा. दोघांनी मिळून जर्मन मूकपटांचा सुवर्णकाळ गाजवला.

ऑक्टोबर १९२४ मध्ये लांग अमेरिकेला गेला. न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारती, रात्रीचा तो दिव्यांचा झगमगाट पाहून तो थक्क झाला आणि घाबरलासुद्धा. थेआबरोबर ज्या चित्रपटाची जुळवाजुळव चालली होती त्याला आता चेहरा मिळाला. त्या चित्रपटाचं नाव 'मेट्रोपोलिस'.

कथा थोडक्यात सांगते. भविष्यातलं एक महानगर. वर मनोरे, बागा, स्टेडियम, विमानं. खाली, जमिनीच्या पोटात, यंत्रं. आणि त्याच्याही खाली कामगारांची वस्ती. कामगारांना नावं असली तरी वापरात नाहीत, नंबर आहेत. पाळी दहा तासांची, म्हणून भिंतीवरचं घड्याळही दहाच आकड्यांचं! शहराचा मालक योह फ्रेडरसन वर मनोऱ्यात बसतो. त्याचा मुलगा फ्रेडर एकदा खाली जातो आणि त्याच्या डोळ्यांदेखत यंत्र फुटतं, माणसं भाजतात. थोड्याच वेळात त्यांच्या जागी दुसरी माणसं उभी राहतात, आणि यंत्र पुन्हा चालू. कामगारांना धीर देणारी मारिया नावाची मुलगी आहे. मालक रोटवांग या शास्त्रज्ञाला सांगून तिच्या चेहऱ्याचा यंत्रमानव बनवून घेतो, कामगारांत फूट पाडायला. ती खोटी मारिया कामगारांना भडकवते, ते यंत्रं फोडतात आणि त्यांच्याच वस्तीत पाणी शिरतं. वस्तीत असतात त्यांची मुलं.

चित्रीकरण मे १९२५ ते ऑक्टोबर १९२६ असं जवळजवळ दीड वर्ष चाललं. खर्च ठरलेल्या आकड्याच्या कितीतरी पट, म्हणजे ५० लाख मार्कांच्याही वर गेला. आपण कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या जमान्यात वाढलोय, त्यामुळे त्यांनी काय काय केलं ते वाचून तोंडात बोट जातं. रस्त्यावरच्या मोटारी म्हणजे छोटी मॉडेल्स. ती जराशी सरकवायची, एक फ्रेम घ्यायची, परत जराशी सरकवायची. काही सेकंदांच्या दृश्याला कित्येक दिवस. ऑयगेन श्युफ्टान नावाच्या तंत्रज्ञाने तर कमालच केली. कॅमेऱ्यासमोर ४५ अंशांत आरसा ठेवायचा. त्यात बाजूला ठेवलेल्या छोट्या मॉडेलचं प्रतिबिंब दिसतं. मग आरशाच्या काही भागाचा मागचा मुलामा खरवडून काढायचा. तिथे नुसती काच राहते आणि तिच्यातून पलीकडचे खरे नट दिसतात. म्हणजे दोन-चार फुटांच्या मॉडेलमध्ये हाडामांसाची माणसं चालायला लागतात! बारावीचं ऑप्टिक्स, पण डोकं केवढं!

यंत्रमानवाचा तो प्रसिद्ध पोशाख वाल्टर शुल्झ-मिटेनडॉर्फ या शिल्पकाराने बनवला. दिसायला धातूचा, प्रत्यक्षात सुतार भेगा बुजवायला वापरतात तसल्या लगद्याचा, वर धातूसारखा रंग. आत होती ब्रिगिटे हेल्म. चित्रीकरण सुरू झालं तेव्हा वय अगदी कोवळं. मारियाही तीच आणि यंत्रमानवही तीच. तो पोशाख टोचायचा, कापायचा, आत श्वास कोंडायचा. ज्या दृश्यात चेहराही दिसत नाही त्यातही लांगने तिलाच उभं केलं. जाळण्याच्या दृश्यात खरी आग लावली आणि तिच्या कपड्यांनी पेट घेतला.

आणि इथेच मी अडखळले. पुराच्या दृश्यासाठी बर्लिनच्या गरीब वस्त्यांमधली शेकडो मुलं आणली होती. ती कित्येक दिवस थंड पाण्यात उभी होती. बाबेलच्या मनोऱ्याच्या दृश्यात गुलाम दाखवायला बेरोजगार माणसांची डोकी भादरली. दिवसाचे चार पैसे मिळतात म्हणून ती उभी राहिली. दृश्य मनासारखं होईपर्यंत लांग पुन्हा पुन्हा करायला लावायचा. म्हणजे बघा, यंत्राने माणसं गिळू नयेत असं सांगणारा चित्रपट, आणि तो करणारा माणूस सेटवर कोण? थेट मनोऱ्यातला योह फ्रेडरसन! हे वाचून मला त्याचा रागही आला आणि चित्रपट पहिल्यापेक्षा जास्त खराही वाटला. दुसऱ्याच्या घामावर आपलं सुंदर स्वप्न उभं करायचा मोह केवढा असतो हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

आता ऋणांचं पाहू. 'मेट्रोपोलिस' काही आभाळातून पडला नाही. वर ऐषआरामी लोक आणि खाली राबणारे, ही मांडणी एच. जी. वेल्सच्या 'टाइम मशीन'मध्ये १८९५ सालीच होती. माणसाने बनवलेला आणि हाताबाहेर गेलेला जीव मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये १८१८ सालचा. रोबो हा शब्दच मुळी कारेल चापेक या चेक लेखकाच्या नाटकातून आला. ते नाटक १९२१ साली प्रागला रंगमंचावर आलं. चेक भाषेत रोबोटा म्हणजे वेठबिगार. वेठबिगार! आपण हा शब्द रोज वापरतो, पण त्याच्या पोटात वेठीला धरलेला माणूस आहे हे विसरतो. लांगचा कॅमेरामन कार्ल फ्रॉइंट याने १९२० साली मातीच्या पुतळ्यात जीव ओतण्याच्या कथेवरचा 'गोलेम' चित्रित केला होता. आणि बाबेलचा मनोरा तर बायबलमधलाच. लांगने काय केलं? या सगळ्यांना एका शहरात राहायला आणलं आणि त्या शहराला वरपासून खालपर्यंत सेक्शन दिला.

गंमत म्हणजे वेल्सला हा चित्रपट मुळीच आवडला नाही. १९२७ साली वर्तमानपत्रात त्याने चांगली सालटी काढली. पुढे १९३६ साली त्याच्या कथेवर 'थिंग्ज टू कम' निघाला तेव्हा त्याने मंडळींना बजावलं होतं की लांगने जे जे केलं त्याच्या बरोब्बर उलट करा. आता उलट करायचं म्हटलं तरी समोर लांगच धरावा लागतो की नाही? ऋण असंही असतं.

१० जानेवारी १९२७ रोजी बर्लिनला मोठ्या थाटात पहिला खेळ झाला. चित्रपट अडीच तासांचा. धंदा साफ आपटला. निर्माती कंपनी ऊफा आधीच कर्जात होती आणि अमेरिकन स्टुडिओंशी करार करून बसली होती. अमेरिकेत वितरकांनी चित्रपटाचा जवळजवळ चौथा हिस्सा कापून टाकला. त्यातलं एक कारण ऐकण्यासारखं आहे. कथेत हेल नावाची बाई असते, रोटवांगची प्रेयसी. ती मालकाशी लग्न करते, मुलाला जन्म देताना मरते आणि रोटवांग तिच्या आठवणीने यंत्रस्त्री बनवतो. हेल म्हणजे इंग्रजीत नरक, अमेरिकन प्रेक्षक हसतील, म्हणून हेलच कापली! मग रोटवांग असं का वागतो हे कुणालाच कळेना. जर्मनीतही नंतर ती छोटी आवृत्तीच चालली. मूळ चित्रपट हरवला. लोक पुढची ८० वर्षं एक अर्धवट चित्रपट पाहून तो कथेत कच्चा आहे असं म्हणत राहिले.

लांग मात्र थांबला नाही. १५ ऑक्टोबर १९२९ रोजी त्याचा 'चंद्रावरची स्त्री' प्रदर्शित झाला. सुरुवातीला सांगितलेली उलटी मोजणी याच चित्रपटातली. या वेळी त्याने सल्लागार म्हणून हेर्मान ओबेर्थला बोलावलं. रॉकेटवरचा ओबेर्थचा प्रबंध १९२२ साली हायडेलबर्ग विद्यापीठाने नाकारला होता. (व्हायव्हात आपटी खाल्लेल्यांनी धीर सोडू नये!) पुढच्याच वर्षी त्याने तो पुस्तक म्हणून छापला आणि रॉकेटवेड्यांची एक पिढी तयार झाली. चित्रपटात काय काय आहे पाहा. एकावर एक टप्पे असलेलं रॉकेट. मोठ्या शेडमधून ते उभंच्या उभं बाहेर आणणं. वेग वाढताना शरीरावर येणारा ताण सोसायला आडवं झोपलेले प्रवासी. वजन नाहीसं झाल्यावर पाय अडकवायचे पट्टे. हे सगळं माणूस अंतराळात जायच्या ३२ वर्षं आधी! चंद्रावर मात्र हवा दाखवली आहे, पात्रं खुशाल श्वास घेत हिंडतात. तेवढं सोडून देऊ.

चित्रपटाच्या जाहिरातीसाठी ओबेर्थने खरंच रॉकेट उडवायचं असं ठरलं होतं. ते काही वेळेत झालं नाही, उलट प्रयोगात स्फोट होऊन ओबेर्थला इजा झाली. पण त्या खटपटीतून बर्लिनची रॉकेटवाली तरुण मंडळी कामाला लागली. त्यांच्यात वेर्नर फॉन ब्राउन नावाचा एक विद्यार्थी होता. या नावाकडे परत येऊ.

१९३१ मध्ये लांगने 'एम' हा त्याचा पहिला बोलपट केला. अनेक जाणकार तोच त्याचा सर्वोत्तम चित्रपट मानतात. मग १९३३ उजाडलं. हिटलर सत्तेवर आला आणि लांगच्या नव्या चित्रपटावर मार्चमध्ये बंदी आली. लांग पुढे आयुष्यभर एक गोष्ट रंगवून सांगायचा. प्रचारमंत्री गोबेल्सने त्याला कचेरीत बोलावलं, जर्मन चित्रपटसृष्टीची सूत्रं देऊ केली, लांगने आई जन्माने ज्यू असल्याचं सांगितलं आणि त्याच रात्री, बँकेतले पैसेही न काढता, तो गाडीत बसून पॅरिसला पळाला. गोष्ट फर्मास आहे! पण अभ्यासकांनी त्याचा पासपोर्ट तपासला तेव्हा त्या दिवसांत तो अनेकदा आत-बाहेर केल्याचे शिक्के सापडले. कायमचा निघाला तो जुलै १९३३च्या अखेरीस. स्वतःच्या आयुष्याचंही त्याने एडिटिंग केलं होतं तर! तरी एक गोष्ट खरी. मान, पैसा, भाषा, सगळं जिथे होतं तो देश त्याने सोडला आणि वयाच्या ४२व्या वर्षी शून्यापासून सुरुवात केली.

थेआ मागे राहिली. त्याच वर्षी दोघांचा घटस्फोट झाला. तिने नाझी राजवटीत काम चालू ठेवलं, पक्षाची सदस्यही झाली. आणि इथे एक मराठी धागा आहे, जो वाचून मी उडालेच. थेआच्या आयुष्यात तेव्हा आले होते आपल्या बेळगावकडचे ए. जी. तेंडुलकर! शिकायला म्हणून युरोपात गेलेले तेंडुलकर बर्लिनला पत्रकारिता करत होते. थेआ त्यांच्याहून वयाने बरीच मोठी. दोघांनी गुपचूप लग्न केलं. पुढे तेंडुलकर भारतात परतले, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले आणि त्यांनी इथे नवा संसार मांडला. त्यांच्या कन्या लक्ष्मी तेंडुलकर धौल यांनी २०१३ साली यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं आहे. ज्यांना रस असेल त्यांनी जरूर शोधावं.

आता फॉन ब्राउनकडे. तो जर्मन सैन्यासाठी रॉकेट बनवू लागला. 'चंद्रावरची स्त्री'मधली रॉकेटं खऱ्याच्या इतकी जवळ होती की गेस्टापोने चित्रपट वितरणातून काढून घेतला, मॉडेल्स जप्त केली. ३ ऑक्टोबर १९४२ रोजी बाल्टिक किनाऱ्यावरच्या पेनेम्युंडे तळावरून व्ही-२चं पहिलं यशस्वी उड्डाण झालं. त्या रॉकेटच्या अंगावर एक चित्र रंगवलं होतं... 'चंद्रावरची स्त्री'चं! ज्या पोरांनी अंधाऱ्या थिएटरात बसून ते स्वप्न पाहिलं, त्यांनीच ते खरं केलं. फक्त ते चंद्रावर नाही, लंडन आणि अँटवर्पवर जाऊन पडलं.

आणि ते बनवलं कुणी? १९४३ नंतर व्ही-२चं उत्पादन मिटेलबाऊ-डोराच्या छळछावणीतल्या कैद्यांकडून, डोंगर पोखरून केलेल्या बोगद्यांत करून घेतलं. सुरुवातीला कैदी राहायचेही त्या बोगद्यांतच. उपाशी, नंबर दिलेली माणसं जमिनीखाली यंत्रं जोडत होती आणि हजारोंनी मरत होती. एक मेला की त्याच्या जागी दुसरा. 'मेट्रोपोलिस'मध्ये लांगने जे सेट लावून दाखवलं होतं, ते अवघ्या सोळा-सतरा वर्षांत त्याच्याच दुसऱ्या चित्रपटातल्या रॉकेटसाठी प्रत्यक्षात आलं. पहिला चित्रपट इशारा होता आणि दुसरा स्वप्न. इंजिनिअरांनी स्वप्न तेवढं उचललं, इशारा राहून गेला. मला वाटतं, लांगच्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी शोकांतिका हीच. देश सुटला, लग्न मोडलं, चित्रपट कापला गेला, ते सगळं याच्यापुढे लहान.

लांग तेव्हा अमेरिकेत होता. १९३९ साली तो अमेरिकन नागरिक झाला. १९३६ ते १९५६ या काळात त्याने हॉलिवूडमध्ये वीसहून अधिक चित्रपट केले. गुन्हेगारीचे, वेस्टर्न, नाझींविरोधातले. विज्ञानकथा मात्र परत नाही. एकदाच जवळ आला होता. १९४६च्या 'क्लोक अँड डॅगर'मध्ये नायक अणुशास्त्रज्ञ आहे. लांगने शेवटी अणुयुगाच्या धोक्याबद्दल इशारा देणारा भाग चित्रित केला होता. स्टुडिओने तो प्रदर्शनाआधीच कापला. हिरोशिमाला एक वर्ष झालं होतं. बघा, कात्री चालते ती नेमकी कुठे!

म्हातारपणी तो पुन्हा जर्मन चित्रपटांकडे वळला आणि त्यासाठी भारतात आला. थेआच्या 'भारतीय थडगं' या कादंबरीवर १९२१ साली चित्रपट निघाला होता. पटकथा लांग आणि थेआची, पण दिग्दर्शन मिळालं योए माय या दुसऱ्याच माणसाला. ती सल लांगने ३८ वर्षं सांभाळली आणि १९५९ साली उदयपूरच्या राजवाड्यांत चित्रीकरण करून तीच कथा दोन भागांत केली. त्यातला भारत आपल्याला हसू येईल असा वाघ-महाराजा-नाग छापाचा आहे. थेआ तो पाहायला नव्हती. १९५४ साली लांगच्याच एका जुन्या मूकपटाच्या खेळाहून बाहेर पडताना ती पडली आणि त्या दुखण्यातच गेली. १९६३ मध्ये फ्रेंच दिग्दर्शक गोदारने 'कंटेम्प्ट'मध्ये लांगला लांगचीच भूमिका दिली. निर्मात्यापुढे न वाकणारा म्हातारा दिग्दर्शक. २ ऑगस्ट १९७६ रोजी बेव्हर्ली हिल्सला त्याचं निधन झालं.

तो गेला आणि त्याच्या पुढच्याच वर्षी त्याचे वारस पडद्यावर यायला लागले. १९७७च्या 'स्टार वॉर्स'मधला सोनेरी सी-थ्रीपीओ हा लांगच्या यंत्रस्त्रीचा सख्खा नातू. राल्फ मॅक्वॉरीची सुरुवातीची चित्रं आणि 'मेट्रोपोलिस'चा फोटो शेजारी ठेवून पाहा. १९८२च्या 'ब्लेड रनर'मध्ये इमारतींची मॉडेल्स मांडताना तंत्रज्ञ 'मेट्रोपोलिस'मधल्या फ्रेम्स समोर ठेवत होते. जपानमध्ये ओसामू तेझुकाने १९४९ साली या चित्रपटाचं नुसतं एक छायाचित्र पाहून त्याच नावाची चित्रकथा काढली, तिच्यावर २००१ साली ॲनिमेशनपट निघाला. १९८४ साली जॉर्जिओ मोरोडरने 'मेट्रोपोलिस'ला रॉक संगीत चढवलं. त्यात एक गाणं आहे आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीचं! त्याच वर्षी त्याच्या क्वीन बँडच्या 'रेडिओ गा गा'च्या व्हिडिओत लांगचं शहर झळकलं.

पण ऋण फेडायचं म्हणजे नुसता मनोऱ्यांचा आकार उचलायचा नसतो. 'ब्लेड रनर' थोर का? तर कामापुरते जन्माला घातलेल्या जिवांना मन असेल तर काय, हे तो विचारतो. २००९च्या 'मून'वर कुब्रिकच्या '२००१'चे उपकार उघड आहेत. तेच पांढरे बोळ, तोच बोलणारा संगणक. पण चंद्रावर एकटा राबणारा तो कामगार आणि त्याला बदली माणूस समजणारी कंपनी, हा प्रश्न थेट लांगच्या तळघरातून आलाय. मशीन कुणासाठी चालतंय आणि कुणाच्या जिवावर? मी तरी हल्ली हीच फूटपट्टी लावते. जो साय-फाय हे विचारतो तो या घराण्याचा. बाकीचे नुसते फटाके.

लांगचं उत्तर मात्र मला पटत नाही. चित्रपटाच्या शेवटी डोकं आणि हात यांच्यामध्ये हृदयाने मध्यस्थी करावी असं सांगून मालक आणि कामगारांचा हात मिळवून दिला आहे. पुढे लांगलाही ते भाबडं वाटलं आणि तसं त्याने बोलून दाखवलं. माझी अडचण जरा वेगळी आहे. कामगार म्हणजे नुसते हात हे मुळात ठरवलं कुणी? गेल्या सेमिस्टरला आम्ही साइट व्हिजिटला गेलो होतो. ड्रॉइंगवर सळ्यांचं जे डिटेलिंग होतं ते एका कोपऱ्यात बसतच नव्हतं. आम्ही सगळे वहीत डोकं घालून बसलो. ते जुळवून दिलं फिटरकाकांनी, जमिनीवर खडूने रेघ मारून. दुपारी ते सेंट्रिंगच्या सावलीत बसून डबा खात होते तेव्हा मी त्यांचं नाव विचारलं. मस्टरवर तेवढ्यापुरतं असतं ते, बाकी साइटवर सगळे त्यांना फिटर म्हणूनच हाक मारतात. 'मेट्रोपोलिस'मध्ये ११८११ नंबरच्या कामगाराची जागा मालकाचा मुलगा घेतो, तेव्हा आपल्याला कळतं की त्याचं नाव ग्योर्गी आहे. नंबर वाचता वाचता नाव विचारणं, एवढ्यापासून तरी सुरुवात करता येते.

आणि त्या हरवलेल्या चित्रपटाचं पुढे काय झालं? अर्जेंटिनात ब्युनोस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात एक जुनी प्रत होती. कापाकापी व्हायच्या आधीच, १९२०च्या दशकाच्या अखेरीस, तिथल्या एका वितरकाने नेलेल्या प्रतीवरून ती केलेली. एका फिल्म क्लबच्या जुन्या माणसाच्या बोलण्यात आलं होतं की त्यांच्याकडचा 'मेट्रोपोलिस'चा खेळ फारच लांबला होता. एवढ्याच धाग्यावर एक चित्रपट अभ्यासक वर्षानुवर्षं पाठपुरावा करत राहिला. २००८ साली डबा उघडला गेला. सुमारे २५ मिनिटांचा हरवलेला भाग मिळाला आणि १२ फेब्रुवारी २०१० रोजी बर्लिनमध्ये जवळजवळ पूर्ण चित्रपट लोकांनी पाहिला. हेल परत आली. ग्योर्गीची बरीचशी कथासुद्धा त्या कापलेल्या भागातच होती!

ही आवृत्ती पाहाल तेव्हा एक गोष्ट दिसेल. मधूनच चित्र अंधुक होतं आणि पडद्यावर उभ्या रेघांचा पाऊस पडायला लागतो. तो सापडलेला भाग. खराखुरा झिजलेला, किती साफ केला तरी ओरखडे न गेलेला. पहिल्यांदा त्रास होतो, मग लक्षात येतं की जे जे कुणीतरी अनावश्यक म्हणून कापलं होतं ते नेमकं इथे आहे. 

तेव्हा मंडळी, पीएल लागायच्या आधी एखाद्या शनिवारी प्रोजेक्टर मिळवा. अडीच तास मूकपट बघायचा म्हणून नाकं मुरडू नका. पहिली वीस मिनिटं जड जातील, मग मोबाइलची आठवण येणार नाही. आणि आमच्या आदरणीय शिक्षकवृंदालाही नम्र विनंती, आपणही या. पाळी बदलतानाचं ते पहिलं दृश्य पाहून सोमवारी सकाळी आठच्या लेक्चरला येणाऱ्या आमच्या चेहऱ्यांकडे आपण जरा वेगळ्या नजरेने पाहाल, अशी आशा आहे!